टॅक टाकलं का?

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायचं, प्रात्यक्षिक चालू असतं; त्या प्रती काढणारं एन्झाइम म्हणजे टॅक. वीस मुलं, प्रत्येकाच्या हातात बोटाच्या पेराएवढी ट्यूब, आणि मी टेबलांमधून फिरत विचारत असते. बाकीचे 'हो मिस' म्हणतात, दोघं एकमेकांकडे बघतात. दुसऱ्या दिवशी जेलवर, म्हणजे डीएनए जिथे पट्टीसारखा दिसतो त्या लगद्याच्या वडीवर, त्या दोघांच्या लेन, म्हणजे रांगा, कोऱ्या.

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात बायोटेक्नॉलॉजी शिकवते. पूर्वी आम्ही टॅक पॉलिमरेज विकत आणायचो. एक छोटीशी ट्यूब. पार्सल बेंगळुरूहून यायचं, पावसाळ्यात दोन दिवस उशिरा, आणि हमखास शनिवारी दुपारी, ऑफिस बंद झाल्यावर. सोमवारी उघडावं तर आत गारव्यासाठी घातलेल्या जेलच्या पिशव्यांचं पाणी झालेलं. टॅक तेवढ्याने मरत नाही, ते चिवट आहे. पण माझी खरी तक्रार वेगळी होती. एन्झाइम महाग म्हणून मुलांच्या हातात पिपेट द्यायला आम्हीच घाबरायचो. मी टाकायची, मुलं बघायची. हे कसलं प्रात्यक्षिक?

आता आम्ही टॅक स्वतः बनवतो. २०० मिलिलिटर कल्चरमधून, म्हणजे जीवाणू वाढवलेल्या द्रवातून, हजारो रिॲक्शन निघतात. कसं करायचं ते माझ्यासारख्याच छोट्या कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी लिहिते आहे. ऑटोक्लेव्ह, शेकर इन्क्युबेटर, वॉटर बाथ आणि बऱ्यापैकी सेंट्रिफ्यूज असेल तर जमतं. प्रथिनं वेगळी करणारा क्रोमॅटोग्राफीचा कॉलम लागत नाही.

आधी कागद. रिकॉम्बिनंट डीएनएचं, म्हणजे एका जीवाचा जीन दुसऱ्यात घालायचं, काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवल्याशिवाय करू नका. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९चे नियम आहेत, शिवाय जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं. आपण वापरतो ते ई. कोलाय या जीवाणूचं के-१२ वाण जोखीम गट १ मधलं, म्हणजे सगळ्यांत सौम्य. तरीही समिती लागतेच. कॉलेजात नसेल तर जिथे आहे अशा संस्थेशी बोलून घ्या. टॅकचा जीन वाहणारा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, अ‍ॅडजीनसारख्या ना-नफा भांडारातून मागवता येतो, पण सोबत हस्तांतरणाचा करार येतो आणि त्यावर संस्थेची सही लागते. प्राचार्यांच्या टेबलावर तो कागद किती दिवस राहील हे तुमच्या नशिबावर.

मुलांना पहिल्या दिवशी मी टॅकचं कूळ सांगते. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये उकळत्या पाण्याचे झरे आहेत. तिथे १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांच्याबरोबरचा हडसन फ्रीझ यांनी सत्तर अंशांत मजेत वाढणारा जीवाणू वेगळा केला. १९६९मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव थर्मस अक्वाटिकस. फ्रीझ तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता, हे मी मुद्दाम दोनदा सांगते. १९७६मध्ये चिएन, एडगर आणि ट्रेला यांनी त्या जीवाणूतून डीएनए पॉलिमरेज शुद्ध करून काढलं. तेव्हा पीसीआर जन्मालाही आला नव्हता. कॅरी मुलिसला ती कल्पना सुचली १९८३मध्ये. पीसीआरच्या दर फेरीत डीएनए तापवून त्याचे धागे सुटे करतात, मग त्यांची प्रत काढतात. सुरुवातीला प्रतीसाठी ई. कोलायचं एन्झाइम वापरायचे आणि प्रत्येक फेरीतल्या उष्णतेने ते मरायचं, म्हणून दर फेरीला झाकण उघडून नवं टाकायचं. तीस फेऱ्या तर तीसदा. टॅक आलं आणि एकदाच टाकून झाकण लावून टाकायची सोय झाली. ९५ अंशांवर याचं निम्मं काम जायला साधारण ४० मिनिटं लागतात. आपल्या तीस फेऱ्यांत ९५ अंशांवरचा वेळ मिळून पंधरा मिनिटं. हिशोब बसतो.

हाच चिवटपणा बनवतानाही कामाला येतो. आपण टॅकचा जीन ई. कोलायमध्ये घालतो, तो जीवाणू आपल्यासाठी टॅक बनवतो आणि मग सगळा रस्सा ७५ अंशांवर ठेवतो. ई. कोलायची बहुतेक प्रथिनं शिजून गोळा होतात, टॅक तसंच राहतं. युक्ती एवढीच.

एक गोंधळ आधीच मिटवते. प्लाझ्मिडमध्ये टॅकच्या जीनपुढे जो प्रवर्तक, म्हणजे जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा, असतो त्याचंही नाव टॅक. इंग्रजीत शेवटचं अक्षर वेगळं आहे, देवनागरीत कळायला मार्ग नाही. तो ट्रिप आणि लॅक या दोन प्रवर्तकांचा संकर म्हणून टॅक. एन्झाइम थर्मस अक्वाटिकसचं म्हणून टॅक. दरवर्षी एक तरी उत्तरपत्रिका या दोघांना एकच समजून लिहिलेली असते आणि मला हसू दाबत गुण कापावे लागतात.

सोमवारी संध्याकाळी प्लाझ्मिड घातलेल्या डीएच५ अल्फाची (तेच आपलं के-१२ वाण) एक सुटी वसाहत, म्हणजे प्लेटवरचा एक ठिपका, ५ मिलिलिटर एलबीमध्ये, जीवाणूंच्या खाद्यात, सोडा, त्यात अँपिसिलिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. रात्रभर ३७ अंशांवर हलत ठेवा. मंगळवारी सकाळी त्यातलं २ मिलिलिटर कल्चर एक लिटरच्या फ्लास्कमधल्या २०० मिलिलिटर ताज्या एलबीमध्ये. फ्लास्क मोठा घ्यायचा तो हवेसाठी. जागा वाचवायला २५० मिलिलिटरचा फ्लास्क काठोकाठ भरला तर जीवाणू गुदमरतात आणि हाती पातळ ताकासारखं काहीतरी येतं. ६०० नॅनोमीटरवर गढूळपणाचं ०.६ ते ०.८ रीडिंग आलं की आयपीटीजी, म्हणजे टॅकचा जीन चालू करणारं रसायन, घाला, १ मोलरचा साठा असेल तर १०० मायक्रोलिटर, म्हणजे अर्धा मिलिमोलर होतं. आयपीटीजीची बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडू नका. आपल्याकडच्या दमट हवेत थंड पावडरीवर क्षणात पाणी धरतं आणि पुढच्या खेपेला बाटलीत खडा मिळतो. अर्धा तास बाहेर ठेवा, मग झाकण फिरवा.

त्यानंतर बारा ते सोळा तास वाढू द्या. साडेपाचची बस पकडायची असलेल्यांना हे वेळापत्रक फार सोयीचं आहे.

बुधवारी सकाळी कल्चर सेंट्रिफ्यूज करून पेशींचा गोळा खाली बसवा. वरचं पाणी लगेच ओतू नका, ते जिवंत आहे. आधी ऑटोक्लेव्ह, १२१ अंश, मग मोरी. गोळा २० मिलिलिटर 'अ' बफरमध्ये (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा द्राव) धुऊन घ्या. हा बफर म्हणजे ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.९, ५० मिलिमोलर ग्लुकोज, १ मिलिमोलर ईडीटीए. परत खाली बसवा आणि १० मिलिलिटर त्याच बफरमध्ये सोडा, पण या वेळी त्यात प्रत्येक मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम लायसोझाइम हवं. लायसोझाइम म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं एन्झाइम, जीवाणूची भिंत खाणारं. पंधरा मिनिटं टेबलावरच ठेवा. मग पेशी फोडणारा लायसिस बफर १० मिलिलिटर: १० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.९, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईडीटीए, अर्धा टक्का ट्वीन २०, अर्धा टक्का एनपी-४० किंवा त्याच्या जागी मिळणारं इगेपाल, आणि आयत्या वेळी १ मिलिमोलर पीएमएसएफ, प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखायला. पीएमएसएफ विषारी आहे, हातमोजे घालून शिक्षकानेच टाकायचं. पाण्यात ते थोड्याच वेळात निकामी होतं, म्हणून आदल्या दिवशी घालून ठेवून उपयोग नाही.

आता ट्यूब तिरकी करून बघा. मिश्रण घट्ट, लोंबणारं झालेलं असेल, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. तो पेशींतून बाहेर पडलेला डीएनए. ही तार लक्षात ठेवा, पुढे तिच्याचकडे परत यायचं आहे.

ट्यूब ७५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये, एक तास. पहिली दहा मिनिटं समोरून हलू नका, कारण बघण्यासारखं तेव्हाच घडतं. पिवळसर, अर्धपारदर्शक द्रव आधी धुरकट होतो, मग दूध नासावं तसा एकदम फाटतो. पांढरे कण तरंगायला लागतात, त्यांचे गोळे होतात, आणि तासाभराने ट्यूबमध्ये खरवसाचा चुरा पाण्यात पडल्यासारखं दिसतं. ई. कोलायची हजारो प्रकारची प्रथिनं होती ती. आपल्याला हवं ते त्या पाण्यात आहे.

पहिल्या वर्षी माझ्याकडे हे फाटलंच नाही. काट्यावर ७५ होतं. तासभर ठेवलं, सेंट्रिफ्यूज केलं, तर वरचा द्रव पिवळाधमक आणि चिकट. दोन दिवस पुढची सगळी पायरी केली आणि शेवटी जेलवर काही नाही. नंतर काचेचा थर्मामीटर पाण्याने भरलेल्या ट्यूबमध्ये बुडवून ठेवला, तर ६२. बाथ जुना, वर झाकण नाही, डोक्यावर पंखा फुल. तेव्हापासून नियम: बाथचा काटा वाचायचा नाही, ट्यूबच्या आतलं तापमान वाचायचं. मध्येच वीज गेली तर मात्र घाबरू नका. आली की परत ७५वर न्या आणि तास पुरा करा, टॅकला त्याचं काही नाही.

मग ट्यूब बर्फात. बर्फाचं मशीन आमच्याकडे नाही. मासळी बाजारातून पाच किलोची लादी येते, गोणपाटात गुंडाळून दांडक्याने फोडायची. वास येतो, पण बादलीत बाहेरून लावायला चालतो. त्यातलं पाणी ट्यूबमध्ये जाऊ देऊ नका, एवढंच. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आमचा बर्फवाला हात वर करतो, म्हणून आम्ही टॅक चवथीची सुट्टी संपल्यावरच काढतो. मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना किंवा त्याहून जास्त, चार अंशांवर, दहा-पंधरा मिनिटं फिरवा. वरचा स्वच्छ द्रव वेगळा काढा. खालचा चुरा ऑटोक्लेव्हला.

या द्रवाच्या दर १०० मिलिलिटरला ३० ग्रॅम अमोनियम सल्फेट. आपल्याकडे साधारण २० मिलिलिटर, म्हणजे ६ ग्रॅम. चिमटीचिमटीने, ढवळत घाला. एकदम ओतलं तर जिथे पडेल तिथेच प्रथिनं गोठतात. परत सेंट्रिफ्यूज.

इथे नव्या माणसाची हटकून चूक होते. सगळे तळाचा गोळा शोधतात, आणि वर तरंगणारी साय द्रवाबरोबर ओतून देतात. टॅक वरही असतं! लायसिस बफरमधल्या डिटर्जंटमुळे (ट्वीन, एनपी-४०) काही प्रथिन वर येऊन पांढऱ्या थरासारखं तरंगतं, काही तळाला बसतं. दोन्ही घ्यायचं. मधलं पाणी पिपेटने हळूच काढा आणि वरची साय प्लॅस्टिकच्या स्पॅच्युलाने उचला, चहावरची उचलता तशी. दोन्ही मिळून ४ मिलिलिटर 'अ' बफरमध्ये विरघळवा.

राहिलं डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून मीठ बाहेर जाऊ देणं. पिशवीत एन्झाइम, बाहेर साठवणीचा बफर: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.९, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ०.१ मिलिमोलर ईडीटीए, १ मिलिमोलर डीटीटी, अर्धा मिलिमोलर पीएमएसएफ आणि ५० टक्के ग्लिसरॉल. चार अंशांवर बारा तास, बफर बदलून आणखी बारा. सकाळी पिशवी सुरकुतलेली दिसेल. आमच्या एका मुलीने फुटली म्हणून रडायचीच बाकी ठेवली होती. फुटलेली नसते. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर जसं पाणी सुटतं, तसं ग्लिसरॉलने आतलं पाणी ओढून घेतलेलं असतं. जे उरेल त्यात तेवढाच साठवणीचा बफर मिसळा आणि २०० मायक्रोलिटरच्या लहान ट्यूबांत वाटून टाका.

उणे २०वर ठेवा. निम्मं ग्लिसरॉल असल्यामुळे ते गोठत नाही, पाकासारखं राहतं. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर नको, तो अधूनमधून स्वतःच गरम होतो. मोठा साठा उणे ७०वर ठेवायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर उणे २०. आमच्याकडे ट्यूबांचा डबा थर्मोकोलच्या खोक्यात, भोवती गोठवलेल्या जेलच्या पिशव्या. त्याच त्या पार्सलबरोबर आलेल्या. मे महिन्यातल्या वळवाच्या रात्री वीज पाच तास गेली तरी आत थंडच होतं.

आता हे किती ताकदीचं आहे? एन्झाइमची ताकद युनिटमध्ये मोजतात; ती मोजायची पुस्तकी पद्धत किरणोत्सारी न्यूक्लिओटाइडची आहे, आपण त्या वाटेला जात नाही. विकतच्या टॅकशी तुलना करायची. घरचं टॅक साठवणीच्या बफरमध्ये पाचपट, दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट पातळ करा. प्रत्येकातलं १ मायक्रोलिटर २५ मायक्रोलिटरच्या रिॲक्शनमध्ये, टेम्प्लेट, म्हणजे ज्याची प्रत काढायची तो डीएनए, म्हणून एखादा ओळखीचा प्लाझ्मिड, शेजारी विकतच्याची १ युनिट. रिॲक्शनचा बफर नेहमीचा, १० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.३, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, दीड मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. विकतच्याएवढीच ठळक पट्टी देणारं सगळ्यांत पातळ मिश्रण शोधा, आणि कामाला त्याच्या दुप्पट दाट वापरा. न पातळ करता सरळ टाकलं तर जास्त चांगलं येईल असं वाटतं. येत नाही. पट्टीच्या जागी लांबच लांब धूर दिसतो, कधी तोही नाही. प्रथिनांचं जेल चालवत असाल तर टॅकची पट्टी ९४ किलोडाल्टनला, म्हणजे मार्करच्या (माहीत वजनांच्या प्रथिनांच्या मिश्रणाच्या) ९७च्या किंचित खाली.

आता ती तार. ७५ अंशांनी ई. कोलायची प्रथिनं शिजली, डीएनए नाही शिजला. आपल्या घरच्या टॅकमध्ये ई. कोलायचा थोडा डीएनए राहतोच. माहेर यलोस्टोनचं असलं तरी सासरचं सामान बरोबर येतं.

हे मला माहीत होतं आणि तरी मी फसले. तिसऱ्या वर्षाच्या तीन मुलींचा प्रकल्प होता, पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांतले मीठ सोसणारे जीवाणू. नावातच आगर असलेलं गाव. एप्रिलच्या उन्हात जाऊन त्यांनी नमुने आणले, पंधरा टक्के मिठाच्या माध्यमावर गुलाबी-नारिंगी वसाहती वाढवल्या, फार देखण्या. ओळख पटवायला १६एसचा, म्हणजे प्रत्येक जीवाणूत असणारा, जीन वाढवायचा, २७ एफ आणि १४९२ आर प्रायमर (प्रत कुठून काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), पट्टी साधारण १५०० बेसची. जेलवर बाराच्या बारा लेन झगझगीत. आम्ही टाळ्या वाजवल्या. घाईत तीन नमुने डीएनएच्या अक्षरांची क्रमवारी वाचायला पाठवूनही दिले, मीच सांगितलं पाठवा म्हणून. तेरावी लेन नंतर पाहिली. ती टेम्प्लेट न घातलेली, नुसतं पाणी. तीही झगझगीत.

आठवडाभर आम्ही पाणी बदललं, प्रायमर नवे केले, पिपेट पुसले, एकमेकींवर संशय घेतला. तोवर क्रमवारी आली, तीनपैकी एक चक्क ई. कोलाय. पंधरा टक्के मिठात ई. कोलाय! शेवटी विकतचं टॅक घालून तीच पाण्याची ट्यूब चालवली आणि लेन कोरी आली. दोष माझ्या टॅकचा होता, आणि ते मुलींच्या हातात देणारी मी.

म्हणून घरचं टॅक कशाला वापरायचं ते ठरवून घ्या. वनस्पतीचा जीन, माशाचा जीन, भाताच्या जातींचे मार्कर, प्लाझ्मिडमधला तुकडा तपासणं, वसाहत उचलून सरळ पीसीआर करणं, आणि मुलांचा हात बसवणं, या सगळ्याला छान. ज्यात सगळ्याच जीवाणूंना लागू पडणारे प्रायमर आहेत तिथे नको. तिथे जीवाणूंचा डीएनए काढून टाकल्याची हमी असलेलं विकतचं आणा, आणि तरीही पाण्याची लेन लावाच, कारण विकतच्यातही कधीकधी असतो. क्लोनिंगसाठी अचूक प्रत हवी असेल तरी टॅक नको. त्याला चूक तपासून खोडायची सोय नाही, आणि ते तुकड्याच्या टोकाला एक जादा ए (डीएनएचं एक अक्षर) चिकटवतं. त्याच अक्षराच्या आधाराने तुकडा प्लाझ्मिडला जोडणाऱ्या टीए क्लोनिंगवाल्यांना मात्र तोच ए हवा असतो.

प्रात्यक्षिकाच्या दिवसासाठी एकच. टॅक शेवटी टाकायला सांगा आणि बघायला शिकवा. टोक द्रवाच्या आत बुडवून हळू सोडलं की ग्लिसरॉल जड असल्याने खाली उतरतं, आणि ट्यूब उजेडाकडे धरली तर सरबतात साखर विरघळताना दिसतात तशा लहरी दिसतात. लहर दिसली म्हणजे टॅक गेलं. मग बोटाने टिचकी मारून मिसळा, नाहीतर ते तळाशीच बसून राहतं. टोकाच्या बाहेरच्या बाजूला थेंब चिकटलेला असेल तर तुम्ही एकाच्या जागी तीन मायक्रोलिटर टाकताय. वीस जणांसाठी बावीस जणांचं मिश्रण एकत्र करून वाटलं तर हे प्रश्नच येत नाहीत, पण मग त्या लहरी कोणालाच दिसत नाहीत. मी पहिल्या प्रात्यक्षिकाला सुटं टाकायला लावते, दुसऱ्यापासून एकत्र.

आमच्या फ्रीझरमधल्या डब्यावर लाल मार्करने लिहिलंय: 'घरचं. विसात एक. १६एसला नाही.' दुसऱ्या कॉलेजातून कोणी मागायला आलं तर बनवताना बघायला बोलावते. प्लाझ्मिड देत नाही, करारात बसत नाही. तो ज्याचा त्याने मागवायचा. येताना थर्मास आणा, आणि जमलं तर बर्फही.